कौतुक झालेल्या मालिका पुढे का फसतात? टीआरपीपासून झाडीपट्टीपर्यंतचं गणित

मालिका सुरू होते, पहिले काही आठवडे सगळीकडे वाहवा होते. 'खूप दिवसांनी काहीतरी वेगळं आलं' अशा पोस्ट फिरतात. पुढे मात्र तीच मालिका बघवत नाही, किंवा एक दिवस गुपचूप बंद होते. असं पुन्हा पुन्हा का होतं? समजून घेऊया.

कोणत्या मालिकांच्या बाबतीत असं झालं?

'अग्निहोत्र' ही मालिका २००८ मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झाली. सतीश राजवाडे यांचं दिग्दर्शन, विक्रम गोखले, विनय आपटे यांच्यासारखे कलाकार आणि एका जुन्या वाड्याभोवतीचं गूढ. ही मालिका आजही लोकांच्या लक्षात आहे. म्हणूनच डिसेंबर २०१९ मध्ये 'अग्निहोत्र २' आली तेव्हा अपेक्षा मोठ्या होत्या. ती काही महिन्यांतच संपली.

झी मराठीच्या 'दिल दोस्ती दुनियादारी'ने २०१५ मध्ये सासू-सुनेच्या बाहेरची गोष्ट सांगितली आणि तरुणांना टीव्हीसमोर बसवलं. २०१७ मध्ये तेच कलाकार नव्या भूमिकांत 'दिल दोस्ती दोबारा' घेऊन आले. ही मालिकाही काही महिन्यांतच आटोपली.

ओटीटीवरही हेच दिसलं. मुंबईतल्या गणेश गायतोंडेची गोष्ट सांगणारी 'सेक्रेड गेम्स' २०१८ मध्ये आली आणि पहिल्या सिझनने भारतीय वेब सिरीजची चर्चाच बदलली. जितेंद्र जोशीचा काटेकर घराघरांत पोहोचला. ऑगस्ट २०१९ च्या दुसऱ्या सिझनने अनेकांचा हिरमोड केला.

जगभर गाजलेल्या 'गेम ऑफ थ्रोन्स'चंही तेच. २०१९ मधला शेवटचा सिझन पुन्हा लिहा, अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन याचिकेवर १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. गंमत म्हणजे त्याच वर्षी या मालिकेला सर्वोत्तम ड्रामाचा एमी पुरस्कारही मिळाला.

कारण १ : शेवट ठरलेलाच नसतो

दूरदर्शनच्या काळात अनेक मालिका १३ भागांच्या असत आणि आठवड्यातून एकदाच लागत. आजची दैनंदिन मालिका आठवड्याला सहा भाग दाखवते. म्हणजे वर्षाला ३०० च्या वर भाग. जाहिराती वगळून एक भाग २२ मिनिटांचा धरला तरी वर्षाचे ११० तासांहून जास्त होतात. एवढा वेळ पुरेल अशी कथा सुरुवातीला कुणाकडेच तयार नसते. मग मालिकेत पाणी घातलं जातं : अपघात, स्मृतिभ्रंश, सारख्या चेहऱ्याची दुसरी व्यक्ती.

'गेम ऑफ थ्रोन्स'ची अडचण याच जातीची होती. मूळ कादंबरीमालिका अपूर्ण होती. पुस्तकं संपली, मालिका मात्र पुढे न्यायची होती.

कारण २ : कौतुक मोजलं जात नाही

वाहिनीचा निर्णय टीआरपीवर होतो. 'बार्क' ही संस्था देशभरातल्या निवडक घरांत मीटर लावून कोण काय बघतं ते नोंदवते. अशी घरं ५५ हजारांच्या आसपास आहेत. आकडे दर आठवड्याला येतात आणि त्यावर जाहिरातींचे दर ठरतात.

तुम्ही मोबाइलवर भाग बघितला, पोस्ट शेअर केली, तर या आकड्यात त्याची भर पडत नाही. ग्रामीण भागाचे आकडे तर बार्कने ऑक्टोबर २०१५ पासून द्यायला सुरुवात केली. त्यामुळे समीक्षकांची लाडकी मालिका आकड्यांत मागे पडली की आधी तिची वेळ बदलते, मग कथा बदलते आणि शेवटी ती बंद होते.

कारण ३ : दाद सुरुवातीलाच मिळते

नव्या मालिकेबद्दल लिहिलं जातं ते पहिल्या काही भागांवरून. तिथे लेखकाने महिनोन्‌महिने मेहनत घेतलेली असते. दोनशेव्या भागाचं परीक्षण सहसा कुणी करत नाही. ओटीटीवर पहिल्या सिझनचं यश हेच दुसऱ्याचं ओझं होतं.

झाडीपट्टीत काय वेगळं घडतं?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली तालुक्यात आणि शेजारच्या गडचिरोलीत टीव्ही आहेच. पण धानाची कापणी आटोपली की इथे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. नाटक मंडळ्यांचं मोठं केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज. गावातलं मंडळ नाटक ठरवतं, तिकिटं विकतं आणि रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. याच रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

इथेही सगळं आलबेल नाही. नाटकात नाच-गाणी फार घुसवली जातात, ही तक्रार जुनी आहे. तरी एक फरक मोठा आहे. नाटक लांबलं तरी उजाडायच्या आत ते संपवावंच लागतं. प्रेक्षकाने त्या रात्रीचे पैसे मोजलेले असतात आणि त्याला काय वाटलं ते कलाकारांना तिथेच कळतं. मध्ये मीटर नसतो.

मग मालिका निवडताना काय बघायचं?

एकूण किती भाग आहेत हे आधी सांगितलंय का? ती कादंबरीवर असेल तर कादंबरी पूर्ण झालेली आहे का? दुसरा सिझन असेल तर लेखक तेच आहेत का? उत्तरं 'नाही' असली तरी मालिका जरूर बघा. फक्त पहिल्या महिन्याच्या कौतुकावर वर्षभराच्या संध्याकाळी लावू नका. मालिका घसरली असं वाटलं तर तिथेच सोडून देण्यात काहीच वावगं नाही. आणि एखादी मालिका खरंच आवडत असेल, तर घरच्या टीव्हीवर, तिच्या वेळेला बघा. तुमच्या घरी मीटर असेलच असं नाही, पण असलाच तर तो पोस्ट मोजत नाही.