ताणग्रस्त पेशीतील डीएनए-दुरुस्ती आणि उत्परिवर्तने : जीवाणूंतील ‘एसओएस’ प्रतिसाद

प्रस्तावना :
पेशीचा आनुवंशिक संदेश डीएनएच्या रेणूत साठविलेला असतो. अतिनील किरण, काही रसायने, तसेच चयापचयात निर्माण होणारे क्रियाशील ऑक्सिजनयुक्त रेणू यांमुळे त्यास सतत इजा पोहोचते. ही इजा भरून काढणाऱ्या यंत्रणांवरील संशोधनासाठी टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच व अझीझ सँकार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र पेशीला वाचविताना संदेशात चुका निर्माण करणारी यंत्रणाही अस्तित्वात आहे. एशेरिकिया कोलाय या जीवाणूच्या आधारे तिचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

एसओएस प्रतिसादाचे स्वरूप :
मिरोस्लाव्ह रॅडमन व एव्हलिन विटकिन यांच्या संशोधनातून १९७० च्या दशकात ही संकल्पना साकार झाली. सामान्य स्थितीत लेक्सए हे प्रथिन सुमारे ४० जनुकांचे कार्य रोखून धरते. डीएनएला इजा झाली म्हणजे त्याची प्रतिकृती तयार करणारे विकर तेथे अडते व एकेरी धागा उघडा पडतो. रेकए हे प्रथिन या धाग्यावर गुंफले जाते आणि त्याच्या सान्निध्यात लेक्सए स्वतःचेच विच्छेदन करते. परिणामी रोखलेली जनुके क्रमाक्रमाने कार्यान्वित होतात.

हा क्रम अर्थपूर्ण आहे. आरंभी इजा झालेला भाग कापून काढणारी विकरे वाढतात. रिकामी जागा समोरच्या धाग्याबरहुकूम भरली जात असल्याने ही दुरुस्ती बहुतांशी बिनचूक असते. एवढ्याने भागले नाही तर अखेरीस पॉलिमरेज-५ हे विकर सक्रिय होते. ते इजा तशीच ठेवून तिच्यावरून प्रतिकृती पुढे नेते. परंतु झालेली चूक तपासण्याची क्षमता त्यास नसते. पेशी जगते, उत्परिवर्तन मागे उरते.

उत्परिवर्तने हेतुपूर्वक घडतात काय?
उत्परिवर्तने निवडीपूर्वीच यदृच्छेने घडतात, हे लुरिया व डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये दाखविले. १९८८ मध्ये जॉन केर्न्स व सहकाऱ्यांनी उपासमारीतील जीवाणू उपयुक्त उत्परिवर्तने निवडू शकत असावेत, असे सुचविल्याने मोठा वाद उद्भवला. पुढे अशा पेशींतील असंबंधित जनुकांतही बदल आढळले. तात्पर्य, ताणामुळे उत्परिवर्तनांचे प्रमाण वाढते. त्यांची दिशा ठरत नाही.

प्रतिजैविकांशी संबंध :
सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध डीएनए गायरेज या विकराच्या कार्यात अडथळा आणते व डीएनएचे धागे तुटतात. म्हणजे औषध स्वतःच एसओएस प्रतिसाद जागा करते. मात्रा मारक असेल तर पेशी मरते. अपुरी असेल तर वाचलेल्या पेशींत उत्परिवर्तने वाढू शकतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्यांच्या लेक्सएचे विच्छेदन होऊ शकत नाही अशा जीवाणूंचा संसर्ग उंदरांना करण्यात आला. त्या जीवाणूंत या औषधाविरुद्ध प्रतिकारक्षमता विकसित झाली नाही.

समारोप :
‘जंतू औषधाला सरावतात’ असे आपण वर्गातही सहजपणे म्हणतो. सराव एकाच जीवाच्या आयुष्यात घडतो. येथे मात्र असंख्य पेशी नष्ट होतात आणि योगायोगाने उपकारक चूक लाभलेली एखादी पेशी वंश पुढे नेते. औषधाची अपुरी मात्रा अशा चुकांची संख्या वाढविते. हा भेद विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविल्यास उत्क्रांतीचे तत्त्व आणि औषधांच्या विवेकी वापराची गरज या दोहोंचे आकलन एकाच वेळी साधेल.