उल्केची जन्मपत्रिका

मार्च २०२५ मधील गोष्ट आहे. बीड जिल्ह्यांतील वडवणी तालुक्यांत खळवट लिमगांव म्हणून एक खेडें आहे. तेथील एका शेतकऱ्याच्या घराचा पत्रा भेदून आकाशांतून एक दगड खालीं येऊन पडला. बातमी पंचक्रोशींत पसरली, वृत्तपत्रांत छापून आली आणि खगोलाभ्यासकांनीं तो उल्कापाषाण असल्याचा निर्वाळा दिला. बालाघाटाच्या आसऱ्यानें वसलेल्या या अवर्षणग्रस्त मुलखांत लोक आभाळाकडे डोळे लावतात ते पावसासाठीं. तेथून दगड यावा हें कोणाच्या स्वप्नींहि नसणार.

तथापि असले पाहुणे आपल्या प्रांतास अगदींच अपरिचित आहेत असें नाहीं. बीडच्या शेजारच्या जामखेड भागांत १८६६ सालीं उल्का पडली. त्यापूर्वीं १८४३ सालीं खानदेशांत माणेगांव येथें एक पडली होती. मराठवाड्यांतील १९२८ सालची एक उल्का नाओकी या नांवानें जगाच्या उल्कासूचींत नोंदलेली आहे, आणि नागपूर जिल्ह्यांतील काटोलची उल्का तर २०१२ सालची, म्हणजे अनेकांच्या आठवणींतली आहे.

असा दगड हातीं आला असतां आपल्याकडे बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट घडते. भाविक मनुष्य तो धुऊन, शेंदूर लावून देव्हाऱ्यांत ठेवतो. आणि जिज्ञासु मनुष्य आंत कांहीं मौल्यवान् धातु आहे कीं काय हें पाहण्यासाठीं त्यावर हातोडा घालतो. दोघांच्याहि हेतूंत वाईट कांहीं नाहीं. परंतु या दगडाच्या अंगीं त्याची जन्मपत्रिका, त्याचें गोत्र आणि त्याच्या प्रवासाची रोजनिशी हीं तिन्ही लिहिलेलीं असतात, हें ज्यास ठाऊक आहे तो यांपैकीं कोणतीच गोष्ट करणार नाहीं. हा लेख कोणत्या लिपींत असतो व तो कसा वाचतात, हें सुविद्य वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचा येथें विचार आहे.

एकाच नांवाचे चौघे बंधु

शिशाचेंच उदाहरण घेऊं. आपण ज्यास शिसें म्हणतों तो वस्तुतः चार प्रकारच्या अणूंचा मेळ आहे. चौघांचे रासायनिक गुणधर्म एकच. मात्र वजनें निरनिराळीं, २०४, २०६, २०७ आणि २०८. अंधारांत चार भावांचे आवाज सारखेच वाटावे, पण तराजूंत बसवितांच कोण कोणता हें कळावें, तसा हा प्रकार आहे. अशा भावंडांस शास्त्रांत समस्थानिकें म्हणतात.

तीं वेगळीं कशीं काढावयाचीं? खळ्यावर धान्य उफणतांना आपण पाहिलेंच असेल. वारा तोच, पण दाणा जवळ पडतो आणि हलकें भूस दूर उडतें. प्रयोगशाळेंतील यंत्रांत अणूंना विद्युद्भारित करून वेगानें सोडतात, आणि वाऱ्याचें काम बलवान् चुंबक करतो. हलका अणु अधिक वळतो, जड अणु कमी वळतो. आणि प्रत्येक जात आपापल्या जागीं मोजली जाते.

आतां जन्मकाळ कसा निघतो तें पाहूं. युरेनियमचे दोन बंधु, २३८ आणि २३५, आपोआप क्षय पावून अखेर शिसें होतात. पहिल्यापासून २०६ वजनाचें शिसें होतें, दुसऱ्यापासून २०७ वजनाचें. पहिल्याचा निम्मा भाग संपावयास सुमारें ४४७ कोटि वर्षें लागतात. दुसऱ्याचा सुमारें ७० कोटींतच संपतो. दगड तापो कीं गोठो, या क्षयाचा वेग बदलत नाहीं. २०४ वजनाचें शिसें मात्र कोणाचेंच अपत्य नव्हे. तें आरंभीं जेवढें होतें तेवढेंच आजहि असतें. म्हणून त्याच्याशीं इतरांचें प्रमाण ताडून पाहिलें म्हणजे दगड घट्ट होऊन किती काळ लोटला हें सांगतां येतें. शिवाय येथें घड्याळें दोन आहेत. एक मंद, दुसरें शीघ्र. परंतु दोघांनीं वेळ एकच दाखविली तर ती विश्वसनीय मानावयाची.

पॅटरसनची शिकवण

या रीतीनें पृथ्वीचें वय प्रथम निश्चित करण्याचा मान क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाकडे जातो. १९५६ सालीं त्यानें उल्कांतील शिसें मोजून तें वय ४५५ कोटि वर्षें ठरविलें आणि चूक झालीच तर ती ७ कोटींच्या आंतबाहेर असेल असें सांगितलें. पुढें १९६९ मध्यें मेक्सिकोंत पडलेल्या आयेंदे उल्केंत पांढरे कण विपुल आढळले. त्या जातीचे कण हे सूर्यमालेंतील सर्वांत जुने घन पदार्थ होत, आणि आजच्या मोजणीप्रमाणें त्यांचें वय ४५६ कोटि ७० लक्ष वर्षांच्या आसपास येतें.

पण पॅटरसनचें यश सुखासुखीं आलें नव्हतें. कित्येक वर्षें त्याचीं मापनें चुकत राहिलीं, कारण दगडांतील शिशापेक्षां बाहेरचें शिसेंच फार असे. तें हवेंत होतें, भांड्यांत होतें, रसायनांत होतें, खुद्द त्याच्या केसांत व कपड्यांत होतें. शेवटीं त्यानें गाळलेल्या हवेची, सोवळ्याहून कडक नियमांची एक प्रयोगशाळा उभारली, तेव्हां कोठें खरा आंकडा हातीं आला. हें बाहेरचें शिसें येतें कोठून, याचा माग काढतांना पेट्रोलमध्यें मिसळलेल्या शिशानें सारें जग दूषित होत असल्याचें त्यास दिसलें, आणि त्याविरुद्ध तो वर्षानुवर्षें झगडला. आपल्या देशांत असें पेट्रोल २००० सालीं बंद झालें. दगडाचें वय काढूं पाहणाऱ्या मनुष्याच्या काटेकोरपणानें घरोघरच्या मुलांच्या रक्तांतील विष कमी व्हावयास साहाय्य झालें, हें विसरण्यासारखें नाहीं.

आतां आपल्या देव्हाऱ्याकडे वळूं. अस्सल शेंदूर म्हणजे काय? तो शिशाचाच भस्मरूप पदार्थ होय. त्याच्या वजनाचे नऊदशांश शिसें असतें. उलट सामान्य दगडी उल्केंत शिसें इतकें अल्प कीं, पावशेर वजनाच्या दगडांतील सारें शिसें एकत्र केलें तरी चिमूटभर शेंदरांत त्याच्या हजारपटीहूनहि अधिक भरेल. ज्या जन्मपत्रिकेसाठीं पॅटरसननें एवढा खटाटोप केला, ती आपल्या एका बोटानें झांकून जाते!

गोत्र आणि रोजनिशी

जन्मवेळ झाली, आतां गोत्र. तें प्राणवायूवरून कळतें. प्राणवायूचे तीन बंधु, १६, १७ आणि १८ वजनाचे. पृथ्वीवरील कोणताहि खडक वा पाणी घ्या, या तिघांचें परस्परप्रमाण एका ठराविक रेषेवर पडतें. उल्कांच्या बहुतेक कुळांच्या रेषा याहून निराळ्या असतात. ज्यांची रेषा एक, तीं एका पितृखंडाचीं अपत्यें, असें प्रथमदर्शनीं धरावयास हरकत नसते. खानदेशांतील माणेगांवची उल्का डायोजेनाइट नांवाच्या वर्गांतली. या वर्गाचें गोत्र, त्याच्या प्रकाशाच्या पृथक्करणावरून, मंगळ व गुरु यांच्या दरम्यान फिरणाऱ्या व्हेस्टा या लघुग्रहाशीं जुळविलेलें होतें. आणि २०११-१२ मध्यें डॉन हें यान व्हेस्टाभोंवतीं फिरून आलें तेव्हां त्या अनुमानास बळकटी आली. म्हणजे जेथें मनुष्याचें पाऊल पडलें नाहीं, त्या ठिकाणचा तुकडा १८४३ सालींच खानदेशांतल्या मातींत येऊन पडला होता.

रोजनिशीची गोष्ट याहून नाजूक आहे. पितृखंडापासून तुटून दगड अंतराळांत भटकूं लागला म्हणजे त्यावर विश्वकिरणांचा अखंड मारा होतो आणि त्यांतून नवीं समस्थानिकें जन्मास येतात. त्यांच्या मोजदादींतून प्रवासास किती काळ लागला हें कळतें. जामखेड व नाओकी येथील उल्का ज्या वर्गाच्या, त्या वर्गांतील कितीएक दगड सुमारें ७० ते ८० लक्ष वर्षांपूर्वीं एका मोठ्या टकरींतून बाहेर पडले असावेत असें दिसून आलें आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेंत देवेंद्र लाल व नरेंद्र भंडारी यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनीं या विषयांत मोलाचें काम केलें. सौराष्ट्रांत २८ जानेवारी १९७६ रोजीं धजाला येथें उल्का पडली तेव्हां तिचे अनेक तुकडे गोळा करून तेथें कसून तपासण्यांत आले.

या नव्या समस्थानिकांपैकीं कांहीं दीर्घायुषी असतात, कांहीं अगदीं क्षणजीवी. अॅल्युमिनियम-२६ निम्मा व्हावयास सात लक्ष वर्षें लागतात; सोडियम-२२ ला अडीच वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो; व्हॅनेडियम-४८ सोळा दिवसांतच निम्मा होतो, आणि सोडियम-२४ तर अवघ्या पंधरा तासांत. दगड पृथ्वीवर पडला कीं हवेच्या आवरणाखालीं विश्वकिरणांचा तो मारा जवळजवळ थांबतो. नवी भर पडत नाहीं आणि जुनी शिल्लक मात्र आटत जाते. प्रवासाच्या शेवटच्या दिवसांची हकीकत या अल्पायुषी अणूंतच असते. गांवकरी दगडाभोंवतीं बसून चर्चा करीत असतां त्या रोजनिशीचीं पानें एकामागून एक कोरीं होत असतात.

लोणारची साक्ष

हे आंकडे केवळ कल्पनेचे खेळ आहेत असें कोणास वाटेल, तर त्यानें बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार आठवावें. बीडची जमीन ज्या काळ्या पाषाणाची, त्याच सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांच्या पाषाणांत एका उल्केनें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें तें विवर पाडलें. निराळ्या एका पद्धतीनें त्याचें वय सुमारें ५२ सहस्र वर्षें मानलें जात होतें. २०११ सालीं आघातानें वितळलेल्या खडकांतील आर्गॉन वायूचीं समस्थानिकें मोजण्यांत आलीं, तेव्हां तें ५ लक्ष ७० सहस्र वर्षें निघालें, म्हणजे जवळजवळ अकरापट! ज्या तळ्याच्या कांठीं आपल्या पूर्वजांनीं मंदिरें बांधलीं, त्याचें वय अशा रीतीनें आपल्या डोळ्यांदेखत बदललें.

तात्पर्य, उद्यां आपल्या शेतांत वा अंगणांत असा पाहुणा उतरला तर काय करावें? त्यास पाणी लावूं नये, तेल लावूं नये, हातोडा मारूं नये. लोहचुंबकहि जवळ नेऊं नये, कारण त्यामुळें दगडांतील मूळचें चुंबकत्व बिघडतें. उघड्या हातानें न उचलतां स्वच्छ कागदांत किंवा कोऱ्या पिशवींत तो ठेवावा, पडल्याची वेळ व जागा टिपून छायाचित्र घ्यावें, आणि त्याच दिवशीं तहसील कचेरीमार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणास कळवावें. देशांत पडलेल्या उल्कांचा संग्रह हीच संस्था कलकत्त्यास सांभाळते.

कोणाच्या श्रद्धेस धक्का लावण्याचा यांत मुळींच हेतु नाहीं. साडेचारशें कोटि वर्षांच्या वयोवृद्धास हात जोडावेसे वाटणें स्वाभाविकच आहे. नमस्कार अवश्य करावा. फक्त तो दुरून करावा, आणि शेंदराची डबी तेवढी त्या दिवशीं फडताळांतच राहूं द्यावी.