मोटारहोममधील गारवा नेमका कुठे अडतो?

उन्हाळ्यात अमेरिकेतील मुलाबाळांकडे जाऊन तेथून मोटारहोमने राष्ट्रीय उद्याने पाहायला निघणारी मराठी कुटुंबे आता नवलाची राहिलेली नाहीत. झोपण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेले हे चाकांवरचे घर नेवाडा वा ॲरिझोनाच्या वाळवंटात शिरते, तेव्हा पारा चाळिशी सहज ओलांडतो. अशा वेळी डॅशबोर्डमधून थंड हवेऐवजी गरम झोत येऊ लागला, तर वृद्धांना आणि बालकांना उष्माघाताचा धोका संभवतो. 'गॅस संपला असेल' हा बहुतेकांचा पहिला तर्क असतो. परंतु वातानुकूलन यंत्रणेतील गॅस इंधनासारखा जळत नाही; बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. तो बराच कमी झाला, याचा अर्थ गळती आहे. शिवाय बिघाडाच्या अनेक कारणांचा गॅसशी संबंधच नसतो. म्हणून गारवा केव्हा जातो, हे टिपून ठेवणे ही निदानाची पहिली पायरी होय.

दोन स्वतंत्र यंत्रणा

मोटारहोममध्ये सहसा दोन वातानुकूलन यंत्रणा असतात. छतावरील यंत्रणा तळावरील वीजजोडणीवर किंवा गाडीतील जनरेटरवर चालते. डॅशबोर्डमधील यंत्रणेचा कॉम्प्रेसर मात्र इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. ही यंत्रणा प्रामुख्याने चालक व शेजारच्या आसनापुरती असते. तिने मागील शयनकक्षही गार करावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. मागचे पडदे ओढून घेतले आणि बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा फिरवली, तरी पुष्कळ फरक पडतो.

लक्षणे काय सांगतात?

गाडी धावताना हवा थंड आणि थांबताच कोमट होत असेल, तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. त्याचा पंखा बंद पडला असेल किंवा जाळीत धूळ व किडे अडकले असतील.

चढावर हवा समोरून येणे थांबून काचेकडे वळत असेल, तर दोष बहुधा गारव्याचा नसून हवेच्या वाटेचा असतो. पेट्रोलवर चालणाऱ्या अनेक मोटारहोममध्ये हवेची दिशा बदलणाऱ्या झडपा इंजिनातील निर्वात दाबावर हलतात. चढावर इंजिनावर भार येताच हा दाब घटतो. त्या काळासाठी तो साठवून ठेवणारी टाकी, नळी किंवा एकदिशा व्हॉल्व्ह गळका असेल, तर झडपा आपोआप काचेकडील बाजूस वळतात. काचेवरील धुके हटवणे सुरक्षिततेसाठी आवश्यक असल्याने ही रचना मुद्दाम केलेली असते. येथे कितीही गॅस भरला तरी उपयोग शून्य. तडकलेली रबरी नळी बदलली की बऱ्याचदा काम भागते.

आरंभी हवा थंड असून तासाभरात झोतच मंदावत असेल, तर इव्हॅपोरेटरवर बर्फ साचत असावा. यंत्रणा बंद करून केवळ पंखा काही वेळ चालू ठेवल्यास बर्फ वितळतो. झोत जोरदार, पण हवा सदैव कोमट असेल, तर हीटरकडे जाणारे गरम पाणी रोखणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसल्याची शक्यता तपासावी.

कॉम्प्रेसरचा क्लच मुळीच लागत नसेल, तर आधी फ्यूज व रिले पाहावेत. गॅस फार कमी झाल्यास दाबाचा स्विच स्वतःच क्लच रोखून धरतो. गळतीचा संशय येथे रास्त ठरतो.

स्वतः काय टाळावे?

दुकानात मिळणारा गॅसचा डबा दाब न मोजता रिकामा करू नये. गॅस जास्त झाला तर गारवा उलट घटतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. गळती बुजवणारी रसायने दुरुस्तीयंत्रात अडकतात, त्यामुळे काही कार्यशाळा अशी गाडी हाती घेण्यास नकार देतात. अनेक गाड्यांत वापरला जाणारा आर-१३४ए हा वायू तापमानवाढीच्या दृष्टीने कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून अधिक प्रभावी आहे. तो जाणूनबुजून हवेत सोडण्यास अमेरिकेत कायद्याने मनाई आहे.

दुरुस्तीतील आणखी एक अडचण म्हणजे गाडीचा सांगाडा एका कंपनीचा, वरचे घर दुसरीचे आणि डॅशबोर्डमधील यंत्रणा कित्येकदा तिसरीची असते. त्यामुळे यंत्रावरील पट्टीवरचा क्रमांक टिपून ठेवावा. गाडी भाड्याची असेल, तर उघडझाप न करता लक्षणे मालक कंपनीला नेमकेपणाने कळवावीत.

दुरुस्ती होईपर्यंत जनरेटर सुरू करून छतावरील यंत्रणा प्रवासातही चालवता येते. मात्र कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र चालू असल्याची खात्री करावी. डेथ व्हॅलीसारख्या भागात लांब चढावर वातानुकूलन बंद करण्याची सूचना देणारे फलक दिसतात. इंजिन तापू नये म्हणून ती पाळावी. ऊन चढण्यापूर्वी अंतर कापणे आणि पाण्याचा भरपूर साठा जवळ बाळगणे, हा उपाय मात्र कोणत्याही यंत्रावर अवलंबून नाही.