पहिली मॅरेथॉन पळायचीय? मग आधी हळू पळायला शिकावं लागेल

जानेवारीचा तिसरा रविवार उलटला की इन्स्टाग्रामवर दातात मेडल धरलेल्या फोटोंची रांग लागते. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून साधारण याच सुमारास होत आली आहे. फोटो बघून अनेकजण त्याच रात्री ठरवून टाकतात की पुढच्या वर्षी आपणही पळायचं. मग नवे शूज येतात, घड्याळ येतं आणि पहिल्याच आठवड्यात सोसायटीभोवती जीव तोडून फेऱ्या सुरू होतात. तिसऱ्या आठवड्यात नडगी दुखायला लागते आणि शूज कपाटात जातात.

यात जिद्द कमी पडते असं नाही. बहुतेक वेळा कारण एकच असतं, ते म्हणजे गरजेपेक्षा जास्त वेगात पळणं.

मॅरेथॉन म्हणजे नेमकं किती?

आपल्याकडे नेत्याच्या वाढदिवसाला होणारी ५ किलोमीटरची शर्यतही 'मॅरेथॉन'च असते. मुंबईत साधारण ६ किलोमीटरची ड्रीम रन पूर्ण करणाराही सोमवारी ऑफिसात मॅरेथॉन पळून आल्याचंच सांगतो. त्यात काही गैर नाही, पण तयारीच्या दृष्टीने या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हा विचित्र आकडा १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमधून आला. तिथे शर्यत विंडसर कॅसलपासून सुरू होऊन स्टेडियममधल्या राजघराण्याच्या सज्जासमोर संपली, आणि ते अंतर २६ मैल ३८५ यार्ड भरलं. १९२१ मध्ये तेच अधिकृत ठरलं.

अर्ध मॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर. ती पळता आली म्हणजे पूर्ण मॅरेथॉनची अर्धी तयारी झाली, असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात पूर्ण मॅरेथॉनमधला अवघड भाग ३० किलोमीटरनंतर सुरू होतो, आणि अर्ध मॅरेथॉनवाल्याने तो कधी पाहिलेलाच नसतो. अनेक मोठ्या स्पर्धा पूर्ण मॅरेथॉनच्या प्रवेशासाठी आधीच्या एखाद्या शर्यतीचं वेळेचं प्रमाणपत्र मागतात, ते याचमुळे.

हळू म्हणजे किती हळू?

एक सोपी चाचणी आहे. पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. 'हो', 'नाही', 'थांब' एवढंच तोंडातून निघत असेल, तर वेग जास्त आहे. नवशिक्याच्या बाबतीत या चाचणीत बसणारा वेग इतका कमी असू शकतो की बागेत झपाझप चालणारे आजोबा पुढे निघून जातील. लाज वाटते ती इथेच. स्ट्राव्हावर आपला वेग सगळ्यांना दिसतो म्हटल्यावर ती आणखी वाढते.

पण शरीरात जे घडायला हवं, ते याच वेगात घडतं. रमतगमत, बराच वेळ पळल्याने स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया वाढतात. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकलू लागतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शरीर साखरेसोबत चरबीही जास्त प्रमाणात जाळायला शिकतं. ४२ किलोमीटरच्या हिशोबात ही सवय फार मोलाची ठरते.

जगातल्या अव्वल लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या सरावाचा अभ्यास झाला, तेव्हाही साधारण ८० टक्के सराव हलक्या वेगातच होत असल्याचं दिसलं. २०२३ मध्ये शिकागोत केल्विन किप्टमने २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली, म्हणजे दर किलोमीटरला सरासरी २ मिनिटं ५१ सेकंद. अशा वेगाची माणसंही रोज त्या वेगाने पळत नाहीत. हौशी धावपटू मात्र रोज स्वतःशीच शर्यत लावतो.

हळू पळण्याचं दुसरं कारण हाडांचं आहे. नियमित पळायला लागल्यावर काही आठवड्यांतच दम कमी लागतो, हलकं वाटतं आणि अंतर वाढवायचा मोह होतो. हृदय आणि फुफ्फुसं तुलनेने लवकर जुळवून घेतात, पण हाडं आणि टेंडन यांना त्यासाठी महिने लागतात. मधल्या काळात इंजिन तयार आणि चाकं कच्ची अशी गत असते. नडगीचं दुखणं, टाचेचं दुखणं, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची कळ आणि क्वचित हाडाला जाणारी बारीक चीर, या तक्रारी याच काळात सुरू होतात. दोन्ही पाय थोडे थोडे दुखत असतील तर तो बहुधा थकवा असतो. एकाच पायात, एकाच ठिकाणी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल तर पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवायला हवं.

गणपतीपासून थर्टी फर्स्टपर्यंत

पहिल्या मॅरेथॉनसाठी साधारण १६ ते २० आठवड्यांचा सराव लागतो. सुरुवात करण्याआधी न थांबता ८-१० किलोमीटर आरामात पळता आलं पाहिजे. तेवढं येत नसेल तर त्या वर्षी १० किलोमीटरची शर्यत पळावी आणि पूर्ण मॅरेथॉन पुढच्या वर्षावर टाकावी. रील्समधल्या 'सोफ्यावरून थेट ४२ किलोमीटर' या योजनांपेक्षा ते कितीतरी शहाणपणाचं.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपासून १८ आठवडे मागे मोजले तर सप्टेंबरचा मध्य येतो. म्हणजे गणपती-नवरात्राच्या आसपास सुरुवात होते, दिवाळीच्या फराळाच्या काळात अंतर वाढत असतं आणि सगळ्यात मोठ्या पल्ल्याचे रविवार ऐन लग्नसराईत येतात. रात्री बाराला वरातीतून परतून पहाटे साडेचारला २६ किलोमीटर पळायला निघणं अवघड आहे. घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आठवड्याला चार दिवस पळणं नवशिक्याला पुरतं. त्यातले तीन दिवस ५ ते १० किलोमीटरचे आणि चौथा, बहुधा रविवार, लांब पल्ल्याचा. हा पल्ला १२ वरून १४, १६ असा वाढतो, दर तीन-चार आठवड्यांनी एकदा मुद्दाम कमी केला जातो आणि शेवटी ३० किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. सरावात पूर्ण ४२ पळायचे नसतात, कारण त्यातून सावरायला लागणारा वेळ फायद्यापेक्षा महाग पडतो. सगळ्यात लांब पळणं शर्यतीच्या तीन आठवडे आधी, म्हणजे नेमकं थर्टी फर्स्टच्या आसपास येतं. तिथून पुढे अंतर कमी करत जायचं. या काळात पाय शिवशिवतात, आपण सगळं विसरलो असं वाटतं, पण तेव्हा जास्तीचं पळून काहीही कमावता येत नाही.

उरलेल्यापैकी दोन दिवस २०-२५ मिनिटं उठाबशा, टाचा उचलणं, प्लँक असे व्यायाम केले तर गुडघे आणि कंबर दुवा देतात. झोपेला पर्याय नाही. शूजबद्दल इंटरनेटवर वाटेल तेवढं वाचायला मिळतं, पण नवशिक्यासाठी मुद्दा एकच आहे. पायाला आरामदायक, पुढे अंगठाभर जागा असलेले आणि सरावात वापरून झालेले शूज हवेत.

पहाटेच्या अंधारात पळणं सगळ्यांसाठी सारखं नसतं, ही गोष्ट मात्र अशा लेखांमध्ये सहसा येत नाही. एकटीने पहाटे साडेचारला रस्त्यावर उतरायचं म्हटलं की कुत्री, सुसाट गाड्या आणि नकोशा नजरा, सगळ्याचाच विचार करावा लागतो. अनेक शहरांत पळणाऱ्यांचे ग्रुप वाढले, त्यामागे सोबत हे मोठं कारण आहे. शिवाय पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या महिलांनी सराव सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. लोह कमी असेल तर कितीही सराव केला तरी थकवा जात नाही आणि दोष मात्र मेहनतीला दिला जातो.

तिसाव्या किलोमीटरनंतर काय होतं?

धावपटू याला 'वॉल' म्हणतात. चाललेलं बरं चाललेलं असतं आणि अचानक समोर भिंत आल्यासारखे पाय थांबतात.

हिशोब साधा आहे. पळताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी खर्च होते. ६५ किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरसाठी सुमारे २,७०० कॅलरी लागतात. स्नायू आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली साखर मात्र ढोबळमानाने २,००० कॅलरींच्या आसपास असते. चरबीचा साठा भरपूर असतो, पण तिच्यापासून ऊर्जा सावकाश मिळते. सुरुवातीला जोरात पळणारा माणूस साखर भराभर जाळतो आणि ३०-३२ किलोमीटरच्या सुमारास त्याची टाकी रिकामी होते. मेंदूही साखरेवरच चालतो, म्हणून त्या वेळी पायांइतकंच मनही गळून जातं. रस्त्याच्या कडेला बसून रडणारी धडधाकट माणसं तिथे दिसतात.

मुंबईत हे आणखी जाणवत आलं आहे. अनेक वर्षं या शर्यतीच्या मार्गात परतताना, ३५ किलोमीटर झाल्यावर, पेडर रोडचा चढ येत असे. एरवी टॅक्सीतून जाताना लक्षातही येत नाही असा तो चढ आहे. पण टाकी रिकामी असताना, डोक्यावर ऊन आलेलं असताना, तोच घाटासारखा वाटतो.

यावर उपाय दोन. पहिला म्हणजे सुरुवात हळू करणं. दुसरा, भूक लागायच्या आधी खाणं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. कुणी एनर्जी जेल घेतं, कुणी खजूर, कुणी गुळाचा खडा. काय खायचं यापेक्षा ते सरावात खाऊन पाहिलंय का हे महत्त्वाचं, कारण पळताना पोटाकडे जाणारं रक्त कमी होतं आणि ओळखीचा पदार्थही उलटू शकतो.

पाणी जास्तही होतं

पाणी कमी पडू नये, हे सगळ्यांना माहीत असतं. पाणी जास्त होऊ शकतं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासण्यात आलं. त्यातल्या १३ टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीखाली गेलं होतं. प्रत्येक स्टॉलवर पाणी पीत राहिल्याने रक्त पातळ होतं. यात मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपण आणि टोकाला फिट किंवा मृत्यूही येऊ शकतो. चार तासांपेक्षा जास्त वेळ पळणाऱ्यांत हे प्रमाण अधिक होतं, म्हणजे पहिल्यांदा पळणाऱ्यांनी जास्त सांभाळायला हवं. तहान लागेल तसं पाणी प्यावं आणि अधूनमधून मीठ-साखरेचं पाणी किंवा इलेक्ट्रॉल घ्यावं. शर्यतीआधी 'खबरदारी म्हणून' आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेणं मात्र टाळावं. आधीच ताणावर असलेल्या मूत्रपिंडांवर तिचा भार पडतो.

जिवाला धोका खरंच असतो का?

२०२४ च्या मुंबई मॅरेथॉनदरम्यान दोन धावपटूंचा मृत्यू झाला. अशी बातमी आली की पळणं वाईट, इथपासून ते 'आमच्या वेळी असं नव्हतं' इथपर्यंत सगळे मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरतात.

आकडे काय सांगतात? अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्ध मॅरेथॉन पळणाऱ्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंची माहिती तपासली गेली. त्यात ५९ जणांचं हृदय बंद पडलं आणि ४२ जण दगावले. पूर्ण मॅरेथॉनमध्ये धोका अर्ध मॅरेथॉनपेक्षा जास्त होता. त्याच संशोधकांनी पुढच्या काळाची पाहणी २०२५ मध्ये प्रसिद्ध केली. हृदय बंद पडण्याचं प्रमाण जवळपास तेच राहिलं, पण मृत्यूंचं प्रमाण निम्म्यावर आलं. मार्गावर लगेच मिळणारं सीपीआर आणि डिफिब्रिलेटर हे त्याचं मोठं कारण मानलं जातं. स्पर्धा निवडताना टी-शर्टच्या रंगाआधी वैद्यकीय व्यवस्था बघावी, ती यासाठी.

धोका कमी आहे, पण तो सगळ्यांना सारखा नाही. पस्तिशी-चाळिशी ओलांडलेली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, धूम्रपान असेल, घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटायला हवं. पळताना छातीत दुखणं, जबड्याकडे किंवा हाताकडे सरकणारी कळ, चक्कर यांपैकी काहीही झालं तर त्या क्षणी थांबायचं. आदल्या दोन-चार दिवसांत ताप येऊन गेला असेल तर शर्यत सोडून द्यायची. भरलेली फी आणि महिन्यांचा सराव आठवून हा निर्णय जड जातो, पण तापात पळणं हृदयाला महागात पडू शकतं.

शर्यतीच्या दिवशी

नवं काहीही करायचं नाही. नवे मोजे नाहीत, हॉटेलच्या नाश्त्यातला अनोळखी पदार्थ नाही. सुती टी-शर्ट घामाने जड होऊन अंग सोलतो, म्हणून लवकर वाळणारा कपडा बरा. काखेत, मांड्यांना आणि पुरुषांनी स्तनाग्रांनाही पेट्रोलियम जेली लावावी. हे हसण्यावारी नेणाऱ्यांच्या टी-शर्टवर शेवटी रक्ताचे दोन डाग दिसतात.

पहिले १० किलोमीटर फसवे असतात. गर्दी, ढोल, थंड हवा या सगळ्यात वेग आपोआप वाढतो. दर किलोमीटरला ८ मिनिटं या वेगाने शेवटपर्यंत गेलं तर साधारण ५ तास ३७ मिनिटं लागतात. पहिल्या खेपेला एवढ्याच वेगाचा सराव झाला असेल तर सीएसएमटीवरून निघताना घड्याळात साडेसहा मिनिटं दिसता कामा नयेत. पाण्याच्या प्रत्येक स्टॉलवर मिनिटभर चाललं तरी चालतं, तसा नियम कुठेही मोडत नाही.

दुसऱ्या दिवशी मांड्या बोलायला लागतात. स्टेशनचा जिना चढताना फारसं काही होत नाही, पण उतरताना खरी कसोटी लागते, कारण उताराला मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत वजन पेलतात आणि नेमके तेच फाटलेले असतात. कठडा धरून, आडवं होत, एकेक पायरी उतरावी लागते. हे दुखणं तीन-चार दिवसांत ओसरतं. तोवर चालावं, नीट जेवावं, झोपावं, आणि पुन्हा पळायला किमान आठवडाभर तरी थांबावं.