शेतातल्या मनगटावर साधे घड्याळ

तुमच्या घरात एखादे चांगले घड्याळ असेलच. कुणाला लग्नात मिळालेले, कुणाला सासऱ्यांनी दिवाळसणाला दिलेले. ते सध्या कुठे आहे? बहुधा कपाटात, रुमालात गुंडाळून ठेवलेले. तालुक्याला जायचे असले, लग्नकार्य असले की ते बाहेर निघते आणि घरी परतल्यावर पुन्हा कपाटात जाते. शेतात ते कधी जात नाही. चिखल लागेल, पाणी शिरेल, काच फुटेल अशी धास्ती असते. म्हणजे ज्या मनगटाला दिवसभर काम, त्याला घड्याळ नाही आणि ज्या घड्याळाला मान, त्याला काम नाही!

म्हणून आज स्वस्त, साध्या, प्लॅस्टिकच्या पट्ट्याच्या घड्याळाविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

घटिकापात्रापासून क्वार्ट्झपर्यंत

आपली वाडवडील मंडळी आभाळावरून वेळ सांगत. दिवस कासराभर वर आला, शुक्राची चांदणी उगवली, दिवेलागण झाली, एवढ्यावर कामे होत. पण लग्नाचा मुहूर्त नेमका साधायचा असला की त्यांनाही मोजमाप लागे. मग पाण्यात घटिकापात्र सोडत. तळाला बारीक भोक असलेली ती वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे आपली 24 मिनिटे झाली. अशा 60 घटकांचा दिवस-रात्र. घड्याळ हा शब्दही त्या घटिकेवरूनच आला. ते मिरवायचे भांडे नव्हते, कामाचे होते.

पुढे मनगटी घड्याळे आली. 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला एच.एम.टी.चा घड्याळ कारखाना उभा राहिला आणि चावीचे घड्याळ सामान्य घरांत पोहोचले. 2016 साली केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली, पण अनेक घरांत तिची घड्याळे अजून जपून ठेवलेली आहेत. त्यांना रोज चावी द्यावी लागते आणि काही वर्षांनी उघडून साफसफाई व तेलपाणी करावे लागते.

क्वार्ट्झ घड्याळाला ही कटकट नाही. त्यात गारगोटीच्या जातीच्या स्फटिकाचा एक बारीक तुकडा असतो. सेलची वीज मिळाली की तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो आणि त्या मोजणीवर घड्याळ चालते. जपानच्या सैको कंपनीने असे पहिले मनगटी घड्याळ 25 डिसेंबर 1969 रोजी विक्रीस आणले, तेव्हा त्याची किंमत एका लहान मोटारीएवढी होती! आज तीच करामत काही शे रुपयांपासून हजार-दीड हजारांपर्यंत मिळते. कॅसिओचे एफ-91डब्ल्यू हे आकडी घड्याळ 1989 पासून चालत आलेले आहे. वजन अवघे 21 ग्रॅम, सेल सुमारे सात वर्षे पुरतो आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे महिन्याला फार तर 30 सेकंदांचा फरक पडतो. गजर आहे, सेकंद मोजण्याची सोय आहे. शेतकऱ्याला आणखी काय हवे?

पाणी, वीज आणि मिनिटे

तुम्ही म्हणाल, खिशात मोबाइल असताना घड्याळ कशाला? पण हात चिखलाने भरलेले असताना, डोक्यावर भारा असताना, विहिरीच्या काठावर वाकलेले असताना मोबाइल काढणार कसा? घड्याळाकडे नुसते पाहिले की झाले.

आता त्याचा उपयोग पाहा. तुमचा पंप तासाला किती पाणी देतो? 200 लिटरचा पिंप पाइपखाली धरा आणि सेकंद मोजा. 50 सेकंदांत भरला तर सेकंदाला 4 लिटर, म्हणजे तासाला 14,400 लिटर. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. पिंप भरायला जास्त वेळ लागू लागला तर पंपात बिघाड आहे किंवा विहिरीची पातळी खाली गेली आहे, हे लगेच कळेल. ठिबकचेही तसेच. ताशी 4 लिटरचा ड्रिपर दोन तास चालला तर 8 लिटर पाणी, तीन तास चालला तर 12. अंदाजाने कॉक फिरवला की कुठे पीक तहानलेले राहते, तर कुठे खत मुळांखाली वाहून जाते. जिथे शेतीपंपाची वीज रात्री येते, तिथे मनगटावरचा गजर वेळेवर उठवतो.

आजारपणातही हे घड्याळ उपयोगी पडते. लहान मुलाला खोकला-ताप असेल तर ते शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास भरले तर ते न्यूमोनियाचे लक्षण असू शकते. घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा. सर्पदंश झाला तर किती वाजता झाला ते डॉक्टरांना सांगता आले पाहिजे. मात्र चावलेल्या हातातले घड्याळ, बांगड्या, अंगठ्या लगेच काढा, कारण हात सुजतो.

वेळ कुणाची?

आणखी एक गोष्ट. आपल्या घरात घड्याळ बहुधा पुरुषाच्या हातावर असते. पण धारा, शाळेचा डबा, म्हाताऱ्यांच्या गोळ्या, खुरपणीला निघणे, यांच्या वेळा सांभाळते कोण? घरची बाई. तिला मात्र दुसऱ्याला वाजले किती ते विचारावे लागते. मजूर बायांचेही तेच. कामावर किती वाजता आलो, जेवणाची सुटी किती झाली, हे मालकाने सांगायचे आणि त्यांनी मान डोलवायची. घड्याळ एकाच मनगटावर असले की वेळही त्याच्याच मालकीची होते. दोघांच्या मनगटांवर असले की वाद मिटतो आणि हिशोब सरळ होतो. भारी घड्याळ एकच येते, त्याच पैशांत साधी चार येतात. मग पहिले कुणाला द्यायचे, ते तुम्हीच ठरवा.

घेताना आणि वापरताना

आकडे मोठे आणि अंधारात दिवा लागणारे घड्याळ पाहा. नामांकित घड्याळाच्या हुबेहूब नकला बाजारात असतात, तेव्हा पावती घ्या. ‘वॉटर रेझिस्ट’ किंवा ‘30 मीटर’ लिहिले असले तरी ते पावसाच्या शिंतोड्यांपुरते आणि हात धुण्यापुरते समजा. पोहायचे असेल तर निदान 50 मीटरचे घ्या. पाण्यात असताना बटणे दाबू नका. सेल बदलताना आतली रबरी कडी नीट बसवून घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी शिरेल.

मळणी यंत्र आणि कडबाकुट्टीवर काम करताना घड्याळ काढून ठेवा. ट्रॅक्टरच्या बॅटरीजवळ धातूचा पट्टा नकोच. तो दोन्ही टोकांना टेकला तर ठिणगी उडून हात भाजतो. फवारणी करतानाही घड्याळ घरी ठेवा, औषध पट्ट्याखाली साचते. जुना सेल मुलांच्या हाती लागू देऊ नका. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आतून भाजू शकते, तेव्हा तडक दवाखान्यात न्या.

लग्नातले घड्याळ खुशाल कपाटात जपा, त्याच्याशी आठवणी जोडलेल्या असतात. पण येत्या बाजाराला जाल तेव्हा चिखलात पडले तरी जीव हळहळणार नाही असे एक साधे घड्याळ घरी आणा. बी, खत, पाणी आपण मोजून वापरतो, तसा आपला वेळही मोजून वापरू या.