प्रश्नांचा क्रम आणि कलंकाचे मापन

कथेतील घटनांचा क्रम बदलला, की घटना त्याच राहूनही कथेचा अर्थ पालटतो, हे साहित्याच्या अभ्यासकास नव्याने सांगावयास नको. सामाजिक पाहणीच्या प्रश्नावलीसही हाच नियम लागू पडतो. प्रश्नावली हीदेखील विशिष्ट क्रमाने ऐकली जाणारी संहिता असून तिच्यातील प्रत्येक प्रश्न पुढील प्रश्नाचा संदर्भ बनतो. एचआयव्हीबाधितांविषयीची कलंकभावना मोजताना हे ध्यानात घेतले नाही, तर हाती येणारा आकडा समाजाचा किती आणि प्रश्नावलीचा किती, हे कळेनासे होते.

या परिणामाचे प्रसिद्ध उदाहरण १९४८ मधील आहे. हर्बर्ट हायमन व पॉल शीट्सली यांनी अमेरिकेत दोन प्रश्न विचारले. साम्यवादी देशांच्या वार्ताहरांना अमेरिकेतून मुक्तपणे वृत्ते पाठवू द्यावीत काय, हा एक. अमेरिकन वार्ताहरांना रशियात तशीच मुभा असावी काय, हा दुसरा. साम्यवादी वार्ताहरांचा प्रश्न आधी विचारला असता सुमारे ३७ टक्के लोक अनुकूल होते. तोच नंतर विचारला असता सुमारे ७३ टक्के. न्याय दोन्हीकडे सारखा असावा, ही जाणीव आधीच्या प्रश्नाने जागी केली होती.

भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २००५-०६ च्या फेरीत कलंकभावनेविषयी चार प्रश्न होते : बाधित नातेवाइकाची घरी शुश्रूषा कराल काय, बाधित विक्रेत्याकडून भाजी घ्याल काय, बाधित शिक्षिकेस शिकवू द्यावे काय, आणि कुटुंबातील बाधा गुप्त ठेवावी काय. त्यांच्या आधी रोग कसा पसरतो, याविषयीचे प्रश्न येत. एकत्र जेवल्याने बाधा होते काय, या प्रश्नास नुकतेच ‘नाही’ म्हणणाऱ्यास पुढे भाजीवाल्यास नाकारणे अवघड वाटू शकते. उलट ज्याच्या मनात ती शंका नव्हतीच, त्याच्या मनात तो प्रश्नच ती पेरू शकतो.

बंगळूरच्या शिवाजीनगरचा विचार केला म्हणजे हा मुद्दा मूर्त होतो. तेथे भाजीपाल्याचे जुने रसेल मार्केट आहे आणि एचआयव्हीबाधितांवर उपचार करणारे बाउरिंग रुग्णालयही आहे. अशा वस्तीत भाजीवाल्याचा प्रश्न निव्वळ काल्पनिक राहत नाही. तो बाजाराविषयीच्या प्रश्नांनंतर आला, तर उत्तर देणाऱ्यासमोर ओळखीचा विक्रेता उभा राहील. रोगाविषयीच्या प्रश्नांनंतर आला, तर रोगी.

शिवाजीनगरात तमिळ, दखनी उर्दू व कन्नड या भाषा नित्य कानी पडतात. तेव्हा भाषांतराचाही प्रश्न येतो. इंग्रजी मूळ प्रश्नात भाजी आणि विक्रेता आधी येतात, बाधेची अट शेवटी. मराठीत आपण स्वाभाविकपणे ‘विक्रेत्याला एचआयव्हीची बाधा आहे असे कळले, तर त्याच्याकडून भाजी घ्याल का?’ असे म्हणतो. कन्नड, तमिळ व उर्दूतही अट प्रायः आधीच येते. अर्थ कायम राहतो. पण बाधा आधी ऐकू येते आणि भाजी मागाहून. याचा उत्तरावर परिणाम होतो काय, हे तपासून पाहण्याजोगे आहे, आणि ते काम तौलनिक अभ्यासकाचेही आहे.

स्वतः बाधित असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत क्रम अधिकच नाजूक ठरतो. बंगळूरमध्ये झालेल्या संशोधनात इतरांच्या छळाच्या ऐकीव कथा, समाजाविषयी वाटणारी धास्ती, प्रत्यक्ष वाट्यास आलेला भेदभाव आणि आत मुरलेली अपराधभावना असे कलंकाचे चार पैलू वेगळे केले गेले. ऐकीव कथांचा प्रश्न प्रथम विचारला, तर त्यानंतरची धास्ती गडद होण्याचा संभव असतो. शिवाय सर्वांत बोचरा प्रश्न शेवटी ठेवला, तर ती व्यक्ती तोच मनात घेऊन घरी जाते.

यावर काही उपाय आहेत. उत्तरदात्यांचे यदृच्छेने दोन गट पाडून त्यांना भिन्न क्रमाने प्रश्न विचारावेत, म्हणजे क्रमाचा प्रभाव मोजता येतो. एका फेरीतील क्रम पुढील फेरीत बदलू नये आणि आकड्यासोबत क्रमही प्रसिद्ध करावा. एचआयव्हीबाधितांविरुद्धच्या भेदभावास मनाई करणारा कायदा २०१७ मध्ये संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानंतर लोकांची मने खरोखर निवळली काय, हे पाहावयाचे असेल, तर आधी आणि नंतर प्रश्न त्याच क्रमाने विचारले गेले असले पाहिजेत. एरवी बदललेला क्रमच बदललेला समाज म्हणून आपल्यापुढे येईल.