भंगारातील अ‍ॅक्सल घेताना आधी हब पाहा

अमेरिकेत खडकाळ वाटांवर ट्रक नेणारे हौशी चालक मोठे टायर बसवतात, तेव्हा मूळचा मागील अ‍ॅक्सल अनेकदा अपुरा पडतो. मग भंगारातील अवजड ट्रकचा अ‍ॅक्सल शोधला जातो. जनरल मोटर्सचा ‘१४ बोल्ट’ अ‍ॅक्सल त्यात विशेष लोकप्रिय आहे. मात्र केवळ नावावर विसंबणे धोक्याचे ठरते.

डिफरन्शियलच्या झाकणावर १४ बोल्ट असलेले दोन अ‍ॅक्सल आढळतात. ९.५ इंची क्राऊनचा अ‍ॅक्सल ‘सेमी-फ्लोटिंग’ असतो. त्यात शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचा भारही वाहतो. शाफ्ट तुटल्यास चाकच निखळू शकते. १०.५ इंची ‘फुल-फ्लोटिंग’ अ‍ॅक्सलमध्ये भार हबमधील बेअरिंगमार्फत हाऊसिंगवर जातो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. चाकाच्या मध्यातून बाहेर आलेला हब आणि त्यावर बोल्टने बसवलेली शाफ्टची चकती, ही त्याची खूण होय. त्याच्या पिनियनलाही तीन बेअरिंगचा आधार असतो.

या मजबुतीची किंमतही मोजावी लागते. अ‍ॅक्सल वजनदार असतो आणि त्याचा खाली आलेला फुगवटा दगडांवर आदळतो.

खरेदीपूर्वी झाकण उघडून तेलात धातूचे तुकडे आहेत का, दात झिजले आहेत का आणि पिनियन हलतो का, हे तपासावे. गिअरचे गुणोत्तर पुढील अ‍ॅक्सलशी जुळलेच पाहिजे. अन्यथा फोर-व्हील ड्राइव्ह वापरताना संपूर्ण यंत्रणेवर ताण येतो.